चैत्यगृहातील प्रकाश आणि छायाचित्राची यथार्थता

कार्ल्याच्या चैत्यगृहात भर उन्हातून प्रवेश करणाऱ्या प्रत्येक उपासकास एक अनुभव हमखास येतो. आत पाऊल टाकताच प्रथम जवळजवळ काहीच दिसत नाही. क्षणभर थांबल्यावर स्तंभांच्या दोन रांगा अंधारातून पुढे येतात, मग छताच्या लाकडी कमानी दिसतात आणि अखेरीस टोकाचा स्तूप व त्यावरील लाकडी छत्र. मागे वळून पाहावे तर सूर्यगवाक्षातील प्रकाशाने डोळे दिपतात. पण थोड्या वेळाने तेथील लाकडी चौकट आणि तिच्यापलीकडचे आकाशही स्पष्ट होते. हे दृश्य सोबत न्यावे म्हणून उपासक छायाचित्र घेतो. घरी येऊन पाहतो, तर गवाक्षाच्या जागी पांढरा डाग आणि स्तंभांच्या जागी काळे पट्टे. डोळ्यांनी जे पाहिले ते चित्रात उतरलेलेच नसते.

ही उणीव दूर करण्यासाठी छायाचित्रणात जे तंत्र विकसित झाले, त्यास 'हाय डायनॅमिक रेंज' किंवा संक्षेपाने 'एचडीआर' म्हणतात. मराठीत त्यास 'विस्तृत प्रकाशकक्षा' म्हणता येईल. आज बहुतेक मोबाइल फोन हे तंत्र वापरणाऱ्याच्या नकळत वापरत असतात. लेण्यांना भेटी देणाऱ्या उपासक-उपासिकांनी व लेण्यांच्या संवर्धनासाठी झटणाऱ्या तरुणांनी हे तंत्र समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ते जसे हरवलेले दृश्य परत मिळवून देते, तसेच नसलेले दाखवू शकते आणि असलेले पुसूही शकते. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंचा विचार करावयाचा आहे.

डोळा आणि कॅमेरा

पाचव्या शतकातील थोर अट्ठकथाकार आचार्य बुद्धघोष यांनी चक्षुविज्ञान कसे उत्पन्न होते याचे विवेचन करताना चार प्रत्यय सांगितले आहेत : चक्षू, रूप, आलोक आणि मनसिकार. डोळा शाबूत हवा, समोर रूप हवे, प्रकाश हवा आणि लक्षही तिकडे वळलेले हवे. यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर पाहणे घडत नाही.

या विवेचनाचा छायाचित्रणाशी ऐतिहासिक संबंध नाही, हे उघड आहे. तथापि डोळा आणि कॅमेरा यांतील भेद समजण्यास ते फार उपयोगी पडते. कॅमेऱ्याजवळ भिंग आहे, म्हणजे चक्षूचे स्थान भरून निघते. रूप आणि आलोक समोर आहेतच. अभाव आहे तो मनसिकाराचा. आपण चैत्यगृहात उभे असतो तेव्हा आपले लक्ष स्तूपाकडून स्तंभाकडे, स्तंभाकडून गवाक्षाकडे फिरत राहते. ज्या ठिकाणी लक्ष जाते त्या ठिकाणच्या प्रकाशानुसार बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनक्षमता बदलते, आणि मेंदू या सर्व क्षणांचे मिळून एकच दृश्य रचतो. आपणास वाटते की आपण सर्व काही एकाच क्षणी पाहिले. वस्तुतः ते अनेक क्षणांचे संकलन असते.

साधा कॅमेरा असे करीत नाही. शटर उघडते व मिटते तेवढ्या काळात तो संपूर्ण दृश्यास एकच माप लावतो. ते माप गवाक्षास अनुकूल असेल तर स्तंभ काळवंडतात, आणि स्तंभांस अनुकूल असेल तर गवाक्ष जळून पांढरे होते. एचडीआर तंत्राचे मूळ तत्त्व एवढेच की, कॅमेऱ्यालाही अनेक वेळा पाहू द्यावे आणि त्या अनेक पाहण्यांतून एक चित्र रचावे.

प्रकाशाचे मोजमाप

छायाचित्रकार प्रकाशाचे प्रमाण 'स्टॉप' या एककात मोजतात. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप घटला. म्हणून दहा स्टॉपचा फरक म्हणजे १,०२४ पट, आणि चौदा स्टॉपचा फरक म्हणजे १६,३८४ पट होय.

भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. खोल लेण्याच्या आतल्या टोकास तो दहा-वीस लक्सपर्यंत उतरू शकतो. म्हणजे दोहोंतील प्रमाण पाच ते दहा हजार पटींचे, सुमारे बारा-तेरा स्टॉपचे झाले. त्यात दगडाचा काळेपणा आणि आकाशाची चकाकी मिळवली म्हणजे अंतर आणखी वाढते. जुन्या रंगीत पारदर्शिकांवर पाच-सहा स्टॉपच नीट उतरत. निगेटिव्ह फिल्म त्याहून उदार होती. आजच्या चांगल्या कॅमेऱ्यातील संवेदक अनुकूल स्थितीत बारा ते चौदा स्टॉप टिपतात, परंतु त्यांच्या तळाच्या काळ्या भागात तपशिलापेक्षा दाणेदार गोंगाटच अधिक असतो.

येथे आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्र टिपले तरी ते दाखवायचे कशावर? चांगल्या छपाईच्या कागदावरील सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांतील प्रमाण साधारणपणे शंभरास एक, म्हणजे सहा-सात स्टॉपच असते. बारा स्टॉपचे दृश्य सहा स्टॉपच्या कागदावर बसवायचे म्हणजे कोठेतरी संकोच करणे आले. हा संकोच कोठे व किती करावा याचा निर्णय यंत्र किंवा मनुष्य घेतो. एचडीआरविषयीचा सगळा वाद या निर्णयाचा आहे.

पूर्वेतिहास

हे तंत्र संगणकाबरोबर जन्मास आले असा समज आहे. तो बरोबर नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे समुद्राची छायाचित्रे घेत असताना त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशास इतक्या संवेदनशील होत्या की समुद्र नीट आला की आकाश कोरे पांढरे होई. ल ग्रे यांनी काही चित्रांसाठी आकाशाची एक व समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. पुढे अंधाऱ्या खोलीत छपाई करताना काही भाग हाताने झाकून उजळ ठेवणे व काही भागांस जादा प्रकाश देऊन गडद करणे ही छायाचित्रकारांची नित्याची कला बनली.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत चार्ल्स वाइकॉफ यांनी निरनिराळ्या संवेदनक्षमतेचे थर असलेली फिल्म तयार केली. अणुस्फोटासारखी प्रखर दृश्ये तिच्यावर टिपता आली. संगणकीय पद्धतीचा पाया १९९० च्या दशकात पडला. १९९५ मध्ये स्टीव्ह मान व रोझालिंड पिकार्ड यांनी, आणि १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी, वेगवेगळ्या वेळा देऊन घेतलेल्या छायाचित्रांतून दृश्यातील प्रकाशाची प्रमाणे गणिताने कशी काढावी हे दाखवून दिले. २०१० मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली आणि त्यानंतर ती सर्वसामान्यांच्या हाती पोहोचली.

प्रत्यक्ष कृती

चैत्यगृहाचे विस्तृत प्रकाशकक्षेचे चित्र कसे घ्यावे हे एका उदाहरणाने स्पष्ट करू. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. छिद्र, म्हणजे अॅपर्चर, एफ ८ वर आणि संवेदनक्षमता आयएसओ १०० वर कायम करावी. रंगसंतुलन स्वयंचलित न ठेवता एका स्थानी बांधून टाकावे आणि नाभीयनही एकदा साधून बंद करावे. बदलायचा तो केवळ शटरचा वेळ. छिद्र बदलले तर स्पष्टतेची खोली बदलते आणि चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत.

आता सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून आरंभ करावा. या चित्रात गवाक्षाबाहेरचे आकाश दिसेल, बाकी सर्व काळे. त्यानंतर दर वेळी चौपट वेळ द्यावा : सव्वाशेवा भाग, तिसावा भाग, आठवा भाग, अर्धा सेकंद, दोन सेकंद आणि आठ सेकंद. शेवटच्या चित्रात गवाक्ष पूर्ण जळालेले असेल, पण बाजूच्या मार्गिकेतील भिंतींवरचे छिन्नीचे घावही दिसतील. अशा सात चित्रांत पहिल्या व शेवटच्या वेळेत सुमारे चार हजार पटींचे, म्हणजे बारा स्टॉपचे अंतर पडते. या पद्धतीस 'ब्रॅकेटिंग' म्हणतात. शक्य असल्यास ही चित्रे 'रॉ' स्वरूपात साठवावीत. साध्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ चित्रात त्या १६,३८४ असतात.

मात्र प्रत्येक लेण्यास हा खटाटोप लागत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब व १४ मीटर उंच आहे, आणि त्याचा दर्शनी भाग भिंतीने बंदिस्त असल्यामुळे प्रकाश मुख्यतः गवाक्षातून येतो. जवळच्याच भाजे येथील चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग काळाच्या ओघात नष्ट झालेला आहे; तेथे प्रकाश मोकळेपणाने आत पसरतो, आणि तीन चित्रांत काम भागते. कार्ले व भाजे ही लेणी पश्चिमाभिमुख, तर बेडसे पूर्वाभिमुख आहे. म्हणून बेडशास सकाळी व कार्ल्यास दुपारनंतर जावे. योग्य वेळी गेल्यास सूर्यच निम्मे काम करून देतो.

येथे दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या पाहिजेत. संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. ती घेऊनच जावे. आणि अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅशच्या वापरास मनाई आहे, तिचे पालन निष्ठेने करावे. फ्लॅशने रंगांस धोका पोहोचतो हे तर खरेच. शिवाय त्याने चित्रही चांगले येत नाही. समोरची आकृती सपाट पांढरी होते आणि मागचे सर्व अंधारात बुडते.

जोडणी आणि संकोच

घेतलेली चित्रे एकत्र करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत संगणक प्रत्येक बिंदूचा खरा प्रकाश किती होता याचा हिशेब सर्व चित्रांवरून मांडतो. हा हिशेब इतका विस्तृत असतो की कोणत्याही साध्या पडद्यावर तो जसाच्या तसा दिसू शकत नाही. म्हणून त्याचा संकोच करावा लागतो. त्यास 'टोन मॅपिंग' म्हणतात. दुसऱ्या रीतीत, जी २००७ च्या सुमारास पुढे आली, असा हिशेब न मांडता प्रत्येक चित्रातील उत्तम उमटलेला भाग निवडून त्यांचे मिश्रण केले जाते. या दुसऱ्या रीतीने येणारे चित्र सामान्यतः अधिक संयत असते.

संकोच संपूर्ण चित्रास एकाच नियमाने केला तर चित्र काहीसे फिके दिसते. प्रत्येक लहान भागास स्वतंत्र नियम लावला तर तपशील उठून दिसतो, पण त्याबरोबर विकृतीही येतात. स्तंभाच्या कडेने प्रभावळीसारखी उजळ रेषा उमटते. दगडास शिशासारखा रंग चढतो. आकाशातील साधा ढग वादळी वाटू लागतो. पर्यटनाच्या जाहिरातींत अशी चित्रे पुष्कळ दिसतात. ती पाहून लेण्यास गेलेला मनुष्य प्रत्यक्ष दगडापुढे निराश होतो. हा दोष दगडाचा नव्हे.

हलणाऱ्या वस्तूंबाबतही हे तंत्र दुबळे ठरते. सात चित्रे घेताना मधून कोणी चालत गेले तर त्याची अर्धपारदर्शक छाया चित्रात राहते. वाऱ्याने फडफडणारा पंचशील ध्वज अनेक कडांचा दिसतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरील जनसागराचे चित्र घ्यावयाचे असेल तर एकच चित्र, योग्य क्षणी घेतलेले, हेच श्रेयस्कर. मोबाइल फोन अत्यल्प वेळेची अनेक चित्रे झरझर घेऊन ही अडचण बरीच कमी करतो. पण त्याची निवड कशी झाली हे आपणास कळत नाही.

सावली हेच जेव्हा अक्षर असते

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका तरुण अभ्यासकाने प्रस्तुत लेखकास एका शिलालेखाचे छायाचित्र आणून दाखविले. चित्र अत्यंत स्वच्छ होते. त्यावरून वाचन करताना एका अक्षराच्या उजव्या अंगास वर स्पष्ट बिंदू दिसला, आणि तो अनुस्वार म्हणून मी टिपून ठेवला. ब्राह्मी लिपीत अनुस्वार बिंदूनेच दर्शवितात, व त्याच्या असण्या-नसण्याने शब्दाचे रूप बदलते. पुढे प्रत्यक्ष लेण्यात जाऊन, बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरपा टाकून पाहिले, तेव्हा तेथे कोरलेला बिंदू नव्हता. दगडातील नैसर्गिक खळगी होती. तिच्या कडा झिजलेल्या व अनियमित होत्या. फोनने छायाचित्रातील लहान लहान फरक ठळक करताना त्या खळगीस अक्षराइतकाच गडद काळेपणा दिला होता. त्याच ओळीत पुढे एक खरी, पण उथळ कोरलेली रेषा होती. ती मात्र चित्रात जवळजवळ नाहीशी झाली होती. चूक त्या तरुणाची नव्हती. चित्रावर विसंबणाऱ्याची होती, म्हणजे माझी होती.

असे का घडते? कोरीव लेख वाचता येतो तो रंगामुळे नव्हे, तर सावलीमुळे. प्रकाश तिरपा पडला की खोदलेल्या रेषेची एक कड उजळते व दुसरी काळी होते. तो काळेपणा हेच आपल्या दृष्टीने अक्षर. एचडीआरचा सारा उद्योग सावली उजळण्याचा असतो. म्हणजे ज्या गोष्टीवर वाचन अवलंबून आहे तीच गोष्ट हे तंत्र दोष समजून काढून टाकते. म्हणून शिलालेखाच्या नोंदीसाठी हे तंत्र वापरू नये. तेथे एकच प्रकाश, निरनिराळ्या दिशांनी तिरपा टाकून, प्रत्येक दिशेचे स्वतंत्र चित्र घ्यावे. चैत्यगृहाचा विस्तार दाखविताना अंधार ही अडचण असते. लेख वाचताना सावली हे साधन असते. हा विवेक ज्यास आहे त्याच्या हाती हे तंत्र सुरक्षित आहे.

कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे आहेत. त्यांत स्वतःस यवन म्हणविणारेही आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेखही याच ठिकाणी आहे. हे लेख म्हणजे आपल्या इतिहासाचे प्रथम प्रतीचे साक्षीदार होत. त्यांच्या एकेका मात्रेवर दात्याचे गाव, व्यवसाय व नाते ठरते. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे जसे अयोग्य, तसेच यंत्राने घातलेले शब्द त्याचे म्हणून स्वीकारणेही अयोग्यच.

नोंदीचे मोल

छायाचित्र ही तात्पुरती आठवण आहे असे समजू नये. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांस अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमले. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत नव्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी घेतलेली छायाचित्रे मात्र १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, व ती आजही अभ्यासकांस उपलब्ध आहेत. पुढे गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरील चार भाग १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह निघाले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी झोताचे दिवे न वापरता, अत्यल्प प्रकाशात चित्रित लेण्यांची रंगीत छायाचित्रे घेतली. भिंतीवरील रंग दर पिढीस थोडा थोडा गळत असताना जुनी छायाचित्रे हाच तुलनेचा आधार ठरतो. आज आपल्या तरुणांच्या फोनमध्ये जी चित्रे साठत आहेत, त्यांतील काही उद्याचा पुरावा ठरतील. तो पुरावा शुद्ध असावा.

यासाठी काही साधे नियम पाळावेत. जोडलेल्या चित्राबरोबर मूळ सर्व चित्रेही जपून ठेवावीत. मूळ चित्र पुसून टाकू नये. चित्र प्रसिद्ध करताना ते अनेक चित्रांचे मिश्रण आहे, हे खाली एका ओळीत नमूद करावे. लेण्याचे नाव व क्रमांक, दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहावी. नोंदीच्या एका तरी चित्रात मोजपट्टी व रंगपट्टी ठेवावी, मात्र ती भिंतीस टेकवू नये. फोनमध्ये एचडीआर बंद करण्याची सोय असल्यास तशी एक प्रत वेगळी घ्यावी. आणि जेथे चित्रावरून शंका येईल तेथे चित्रास न विचारता दगडास विचारावे.

पालीमध्ये 'यथाभूत' हा शब्द आहे : जे जसे आहे तसे. यावर कोणी असे म्हणेल की मग एचडीआर हे यथाभूताच्या विरुद्धच नव्हे काय? तसे म्हणता येणार नाही. एकाच मापाचे चित्रही यथाभूत नसते; गवाक्षाचा पांढरा डाग हे कार्ल्याचे सत्य नव्हे. उपासकाने आत थांबून, डोळे स्थिरावू देऊन जे पाहिले, त्याच्या जवळ नेणारे मिश्रण हे त्या डागापेक्षा अधिक यथार्थ होय. जोडलेले चित्र जोडलेले म्हणून सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. ते लपविणे हा दोष आहे. मात्र कोणतेही यंत्र वापरण्याआधी चैत्यगृहात थोडा वेळ नुसते उभे राहावे. स्तंभ अंधारातून पुढे येऊ द्यावेत. जे आपण स्वतः पाहिलेले नाही, ते चित्रात खरे उतरले आहे की खोटे, हे आपणास घरी आल्यावर ओळखता येणार नाही.